बेचाळीस धावांचा वाद

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे गाव देशाला ठाऊक आहे ते विनोबांच्या जन्मामुळे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तिथे जन्मले. आजचा विषय मात्र विनोबांचा नाही, खेळाचा आहे. त्या गावापासून खाली रोह्यापर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात आवडता खेळ म्हणजे कबड्डी. भातकापणी आटोपली, शेते मोकळी झाली, की मैदाने आखली जातात आणि गावागावांचे सामने लागतात. आपला संघ शेजारच्या गावाकडून दोन-चार गुणांनी हरला तर माणसे हळहळतात आणि घरी जातात. पण वीस-पंचवीस गुणांनी हरला, तर घरी कोण जातो! रात्री पारावर न्यायसभाच भरते. "त्या पोराला चढाईला पाठवला कशाला?" "पकडीला कोपऱ्यात म्हातारा उभा केला, दुसरं काय होणार?" या सभेत पंच सगळेच असतात. आरोपी बहुधा एकच असतो, संघनायक.

अशीच एक न्यायसभा १९७४ च्या पावसाळ्यात साऱ्या महाराष्ट्रात, किंबहुना साऱ्या देशात भरली होती. खेळ क्रिकेटचा, प्रतिपक्ष इंग्लंडचा, आणि आरोपी आपल्या मुंबईचे अजित लक्ष्मण वाडेकर. ज्यांनी हा खेळ आपल्याला शिकवला, आणि ज्यांचे राज्य जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षे होत आली होती, त्यांच्याकडून हरणे लोकांना जरा अधिकच झोंबते. म्हणून ही हकीकत थोडी मागे जाऊन सांगितली पाहिजे.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीने पतौडींना बाजूला करून वाडेकरांना कर्णधार केले. समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने निकाल लागला. म्हणजे या कर्णधारपदाचा जन्मच वादातला. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर पहिलीच कसोटी किंग्स्टनला झाली. पहिला दिवस पावसाने खाल्ला. मग दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या जोरावर भारताने ३८७ केल्या आणि वेस्ट इंडीजला २१७ मध्ये गुंडाळले. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात प्रतिपक्षाला लगेच पुन्हा फलंदाजीला बसवायचे, म्हणजे फॉलोऑन द्यायचा, तर २०० धावांची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० धावा पुरतात. हा नियम वाडेकरांना ठाऊक होता. त्यांनी जाऊन सांगितले, तुम्हीच पुन्हा खेळा. गॅरी सोबर्ससारखा महान खेळाडूही क्षणभर चक्रावला. सामना अनिर्णित राहिला खरा, पण पाहणाऱ्यांना समजले की हा शांत चेहऱ्याचा माणूस डोके चालवतो.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनची. तिथे वाडेकरांनी ऐन मोक्याला चेंडू सलीम दुराणींच्या हाती दिला. दुराणींनी लॉइड आणि सोबर्स दोघांनाही बाद केले. लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांचाच. भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवले आणि मालिकाही जिंकली.

त्याच वर्षी इंग्लंडचा दौरा. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हल मैदानावर भारताने सामना जिंकला आणि इंग्लंडच्या भूमीवरची पहिली मालिकाही. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी टिपून इंग्लंडला १०१ धावांत कापले होते. तो दिवस गणेशचतुर्थीचा. तिथल्या भारतीयांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. विघ्नहर्ता आपल्या बाजूला आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा! संघ मुंबईला उतरला तेव्हा विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्यांच्या दुतर्फा माणसे उभी होती. इंदूरकरांनी तर या विजयाची आठवण म्हणून मैदानाबाहेर काँक्रीटची प्रचंड बॅट उभारली आणि तिला 'विजय बल्ला' हे नाव दिले. १९७२-७३ च्या हिवाळ्यात इंग्लंड इकडे आले, तेव्हाही आपण दोन-एकने जिंकलो. लागोपाठ तीन मालिका झाल्या. आता वाडेकर हरूच शकत नाहीत, असे माणसांना वाटू लागले.

एक गोष्ट मात्र त्या जल्लोषात कोणी पाहिली नाही. १९७१ च्या दौऱ्यातली मँचेस्टरची कसोटी आपण जवळजवळ गमावलेली होती. जिंकायला ४२० धावा हव्या होत्या आणि ६५ धावांत तीन गडी गेले होते. पाचव्या दिवशी पाऊस पडला आणि आपण वाचलो. तो पाऊस पडला नसता तर ओव्हलच्या विजयाने मालिका नुसती बरोबरीत सुटली असती, आणि हत्तीण आली असती तरी काँक्रीटची बॅट उभी राहिली असती की नाही, कोण जाणे.

आता १९७४. कर्णधार वाडेकरच. व्यवस्थापकही १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यातलेच, लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. त्या काळी संघाबरोबर आजच्यासारखा पगारी प्रशिक्षक नसे. मैदानावर कर्णधाराचा शब्द चाले आणि मैदानाबाहेर व्यवस्थापकाचा. अधिकारी लष्करी शिस्तीचे, क्षेत्ररक्षणाचा सराव कसून घेणारे. गावसकर, विश्वनाथ, इंजिनिअर, सोलकर, अबिद अली, बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन ही मंडळीही तीच. मग बदलले काय?

बदलला होता तो महिना. १९७१ च्या कसोट्या २२ जुलैला सुरू झाल्या आणि ऑगस्टअखेर संपल्या. इंग्लंडमध्ये तोवर उन्हाळा पक्का होतो, खेळपट्ट्या कोरड्या पडतात, फिरकी चेंडू हात देतो. १९७४ ची पहिली कसोटी ६ जूनला सुरू झाली. आभाळ भरलेले, हवा दमट, खेळपट्टीवर हिरवळ. अशा हवेत शिवण सरळ ठेवून टाकलेला चेंडू हवेतच वळतो आणि टप्पा पडल्यावर आणखी वळतो. उलट गार वाऱ्यात फिरकी गोलंदाजाची बोटे आखडतात, चेंडूवर पकड बसत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. तेच बियाणे, तोच नांगर, पण पेरणी महिनाभर अलीकडे केली तर पीक तेच येईल का?

पहिली कसोटी आपण ११३ धावांनी हरलो, तरी गावसकरचे शतक झाले होते आणि लोक धीर धरून होते. मग लॉर्ड्स. इंग्लंडने ६२९ धावांचा डोंगर रचला. चंद्रशेखर अंगठ्याला दुखापत होऊन जेमतेम नऊ-दहा षटके टाकून बाहेर गेला. राहिले बेदी आणि प्रसन्ना. बेदीने चौसष्ट षटकांत २२६ धावा देऊन ६ गडी घेतले. माणूस दमेल नाही तर काय! भारताची सुरुवात उत्तम झाली, पहिल्या जोडीने १३१ धावा जोडल्या, आणि तरी डाव ३०२ वर संपला. फॉलोऑन मिळाला. शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या डावात बिनबाद २. रविवार सुट्टीचा.

सोमवार, २४ जून. इकडे कोकणात आर्द्रा लागलेल्या होत्या. तिकडे लॉर्ड्सवरही आभाळ झाकोळले होते. अर्नोल्ड आणि ओल्ड या दोन गोलंदाजांनी सतरा षटकांत सारा डाव संपवला. एकूण धावा ४२. अर्नोल्डला ४ गडी, ओल्डला ५, आणि चंद्रशेखर जखमी असल्याने खेळायलाच आला नाही. धावफलक असा: गावसकर ५, इंजिनिअर ०, वाडेकर ३, विश्वनाथ ५, पटेल १, सोलकर नाबाद १८, अबिद अली ३, मदनलाल २, प्रसन्ना ५, बेदी ०. शिक्षक मंडळींनी मुलांकडून ही बेरीज पाटीवर करून घ्यावी, अवांतर एकही धाव नाही. दोन्ही डाव मिळून ३४४, आणि पराभव एक डाव व २८५ धावांनी. दोन आकडी धावा करणारा एकनाथ सोलकर हा एकटाच, मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची राखण करणाऱ्याचा मुलगा. पुढे बर्मिंगहॅमला इंग्लंडने अख्ख्या सामन्यात दोनच गडी गमावले आणि आपण एक डाव व ७८ धावांनी हरलो. तीन-शून्य.

आणि मग न्यायसभा बसली. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात, गिरणीच्या फाटकावर, लोकलच्या डब्यात, आणि तिथून एस.टी.ने गावाकडे येणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडून कोकणातल्या गावांतही. एक पक्ष म्हणे, थंडीत तीन फिरकी गोलंदाज खेळवतात का? दुसरा म्हणे, मग कोणाला खेळवायचे, आपल्याकडे वेगवान गोलंदाज आहे कोण? तिसरा म्हणे, वेंकटला काढून प्रसन्नाला घेतले तिथेच घोडे पेंड खाल्ले. कोणी म्हणे संघात एकोपा नव्हता, कर्णधाराचे बेदीशी पटत नव्हते. यात तथ्य होते, पण जिंकत असताना ही कुरबूर कोणी विचारात घेतली नसती.

माझ्या मते दुसऱ्या पक्षाचा प्रश्न सर्वांत खरा होता, आणि तो चुकीच्या माणसाला विचारला जात होता. वर्षानुवर्षे देशातल्या खेळपट्ट्या फिरकीसाठी बनवल्या गेल्या. नवा चेंडू अबिद अली किंवा सोलकर यांनी दोन-चार षटके टाकून त्याची लकाकी घालवायची आणि मग बेदी-चंद्राच्या हाती द्यायचा, ही रीत पडली होती. कपिलदेव यायला अजून चार वर्षे होती. हे काही वाडेकरांनी एका रात्रीत ठरवलेले नव्हते. तीन फिरकी गोलंदाज हा १९७१ मध्ये धूर्तपणा ठरला होता, १९७४ मध्ये तोच अडाणीपणा ठरला. त्या सोमवारी सकाळी तर कर्णधाराने ठरवावे असे हातात काही उरलेच नव्हते. फॉलोऑन देण्याचा निर्णय इंग्लंडच्या डेनेसचा होता.

पण लोकांचा राग हिशेब मागत नाही. वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड आले. इंदूरच्या त्या विजय बल्ल्याला काळे फासण्यात आले. शरद ऋतूत दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाचा संघ जाहीर झाला, त्यात त्यांचे नावच नव्हते. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली. सोळा कसोट्यांत नेतृत्व, चार विजय, चार पराभव, आठ अनिर्णित. चारांपैकी तीन पराभव या एका उन्हाळ्यातले.

येथे बावीस वर्षे मागे जाऊन एक गोष्ट पडताळून पाहण्याजोगी आहे. जुलै १९५२ मध्ये मँचेस्टरला भारत एकाच दिवशी दोनदा बाद झाला होता, ५८ आणि ८२ धावांत. ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत ८ गडी घेतले. कर्णधार विजय हजारे, सांगलीचे. हेमू अधिकारीही त्या दौऱ्यावर खेळाडू म्हणून होते. तेव्हाही टीका झाली, हळहळ झाली. पण हजारे पुढच्याच हिवाळ्यात कर्णधार म्हणून वेस्ट इंडीजला गेले. १९५२ मध्ये आपण इंग्लंडमध्ये जिंकू अशी कोणाला आशाच नव्हती. १९७४ मध्ये ती होती, आणि ती वाडेकरांनीच लावली होती.

बेचाळीसचा तो नीचांक सेहेचाळीस वर्षे टिकला. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध डाव ३६ वर आटोपला, आणि आता चारही सामने हरणार असे भाकीत करणारे पुष्कळ निघाले. अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली ती मालिका आपण दोन-एकने जिंकली!

वाडेकरांकडे परत येऊ. १९९२ पासून ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. आता प्रशिक्षणही त्यांच्याकडेच होते. १९९३ मध्ये इंग्लंड इकडे आले. कुंबळे, राजू आणि चौहान असे तीन फिरकी गोलंदाज खेळवण्यात आले आणि कोलकाता, चेन्नई, मुंबई तिन्ही कसोट्या भारताने जिंकल्या. तीन-शून्य. न्यायसभा या वेळी तिकडे भरली. कोलकात्याला इंग्लंडने चार वेगवान गोलंदाज का खेळवले, हा तिथला मोठा प्रश्न. त्यांच्या निवड समितीच्या अध्यक्षांनी, टेड डेक्स्टर यांनी, भारतीय शहरांतल्या धुराची चौकशी करण्याचे बोलून दाखवले. तीन फिरकी गोलंदाज खेळवल्याबद्दल आपल्याकडे कोणी एक शब्द काढला नाही.

पुढे १३ मार्च १९९६, कोलकात्याचे ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर श्रीलंका. कर्णधार अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून प्रतिपक्षाला फलंदाजी दिली. श्रीलंकेने २५१ केल्या. भारत एका गड्याच्या मोबदल्यात ९८ वरून आठ बाद १२० वर आला, मैदानात बाटल्या पडू लागल्या, गॅलरीत जाळपोळ झाली, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांनी ज्यांचा झेल घेतला होता, तेच लॉइड. व्यवस्थापक होते वाडेकर. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते वारले. त्या रात्री आधी फलंदाजी घ्यायला हवी होती की नाही, यावर पारावर अजून दोन तट पडतात.