एअर रायफलसाठी छर्रे निवडताना

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचे जगज्जेतेपद पटकावले. महाराष्ट्रात या खेळाकडे वळणाऱ्या मुलांचे पालक रायफल आणि जॅकेटवर मोठी रक्कम खर्च करतात. छर्रे मात्र दुकानात मिळतील ते घेतात. हिशेब नेमका येथेच चुकतो.

या प्रकारात लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघ्या अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. गुण दशांशात मोजले जातात. ०.१ गुणाचा फरक म्हणजे लक्ष्यावर पाव मिलिमीटर.

स्पर्धेचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, शिशाचा आणि आकाराने डमरूसारखा असतो. त्याचे डोके चपटे असावे. असा छर्रा कागदावर पंचसारखे स्वच्छ गोल छिद्र पाडतो आणि गुण मोजताना वाद उरत नाही. टोकदार छर्रा दिसायला आकर्षक, पण या खेळात तो उपयोगाचा नाही. वजन साधारण अर्धा ग्रॅम. मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलून नळीतील खाचांना घट्ट बसतो. त्यामुळे चेपलेला छर्रा बाजूला काढावा. वापरलेला छर्रा तर पुन्हा कधीच भरू नये.

डबीवर ४.४९, ४.५० असे आकडे दिसतात. तो डोक्याचा व्यास. यातला कोणता उत्तम, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. म्हणून चाचणी हाच मार्ग. रायफल शिकंज्यात घट्ट आवळावी, प्रत्येक प्रकाराचे दहा छर्रे एकाच ठिकाणी झाडावेत आणि छिद्रांचा पुंजका मोजावा. पुंजका जितका लहान, तितका छर्रा योग्य. हातात धरून केलेली चाचणी छर्ऱ्यापेक्षा नेमबाजाचीच परीक्षा घेते! मनाजोगा छर्रा सापडला, की डबीवरील उत्पादन क्रमांक पाहून त्याच तुकडीच्या शक्य तितक्या डब्या घ्याव्यात. पुढची तुकडी तशीच निघेल, याची खात्री नसते.

नवशिक्यांनी मात्र एवढ्या खोलात जाण्याची घाई करू नये. ज्याचे नेम अजून आठ-नऊच्या वर्तुळांत विखुरतात, त्याला सरावाचे साधे, चपटे छर्रे पुरेसे आहेत.

पावसाळ्यात डबी कोरड्या जागी ठेवावी. दमटपणाने शिशावर पांढरी भुकटी धरते. शिसे विषारी असल्याने छर्रे तोंडात धरू नयेत आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.