पैठणच्या राजाला न सुटलेलं नातं

‘एका फोटोकडे बोट दाखवून सुरेश म्हणतो, ही माझ्या वडिलांच्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी. तर तिचं सुरेशशी नातं काय?’ शिष्यवृत्तीपासून पोलीस भरतीपर्यंत हा प्रश्न वेगवेगळ्या नावांनी भेटतो. क्लासमध्ये त्याची रीत शिकवतात: वाक्य शेवटाकडून सोडवत या, पुरुषाला अधिक, बाईला वजा (बाईलाच वजा का, हे कोणी विचारत नाही), नवरा-बायकोमध्ये दोन आडव्या रेघा, पिढी बदलली की रेघ खाली. ‘वडिलांच्या वडिलांचा एकुलता एक मुलगा’ म्हणजे वडीलच, एवढं दिसलं की काम झालं. फोटोतली मुलगी सुरेशची बहीण.

या कोड्याचं इंग्रजी भावंडही प्रसिद्ध आहे. मला भाऊबहीण नाहीत, पण चित्रातल्या माणसाचा बाप हा माझ्या बापाचा मुलगा. तर चित्र कोणाचं? तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात ते घेतलं आणि नोंदवलं की बहुतेक लोक ‘स्वतःचंच’ असं चुकीचं उत्तर देतात. चित्र मुलाचं आहे. लुईस कॅरलने 1885 च्या ‘अ टँगल्ड टेल’मध्ये एका गव्हर्नराकडून चार वेगवेगळ्या नात्यांच्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि ते सगळे मिळून एकच माणूस असू शकतो असं दाखवलं.

ही झाली अलीकडची पिढी. युरोपात हे कूळ मागे नेत गेलं की आपण यॉर्कच्या अल्क्विनपाशी पोचतो. आठव्या शतकातला हा विद्वान सम्राट शार्लमेनच्या दरबारात शिकवत असे. त्याच्या नावावर असलेल्या लॅटिन संग्रहात पन्नासहून अधिक कोडी आहेत. लांडगा, बकरी आणि कोबी नदीपार नेण्याचं कोडं पहिल्यांदा तिथेच सापडतं. त्यांच्याच शेजारी नात्यांची कोडी आहेत. एकात दोन पुरुष एकमेकांच्या बहिणीशी लग्न करतात, म्हणजे आपलं साटंलोटं. दुसऱ्यात एक विधवा आणि तिची मुलगी एका बापलेकांशी लग्न करतात: मुलगी बापाशी, आई लेकाशी. होणाऱ्या मुलांचं नातं काय?

पोरांना हे कशाला शिकवायचं? त्या काळी कोणत्या नात्यात लग्न चालतं, हा चर्चच्या कायद्याचा प्रश्न होता. निषिद्ध नात्यांची हद्द पुढे सात पायऱ्यांपर्यंत वाढली. 1215 च्या लॅटरन परिषदेने ती चारवर आणली. नातं मोजता येणं ही कामाची विद्या होती.

आणि हेच बापलेकांचं कोडं आपल्याकडेही आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाच्या कथा आहेत: एका भिक्षूच्या सांगण्यावरून राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन निघतो आणि प्रेतातला वेताळ वाटेत त्याला गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. तिथला राजा उज्जैनचा नाही, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. त्याचं नाव त्रिविक्रमसेन. चोविसाव्या कथेत वेताळ सांगतो: राज्य गमावलेली एक राणी आणि तिची मुलगी रानात भटकत असतात. शिकारीला आलेले चंडसिंह आणि त्याचा मुलगा त्यांच्या पावलांचे ठसे पाहतात. ठरतं की मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. गाठ पडते तेव्हा कळतं की मोठी पावलं मुलीची आहेत. शब्द दिलेला, म्हणून बाप मुलीशी लग्न करतो आणि लेक आईशी. मग वेताळ विचारतो, यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय?

कागद घेतला तर उत्तर निघतं. चंडसिंहाचा नवा मुलगा हा त्याच्या थोरल्या मुलाचा भाऊ, म्हणून थोरल्याच्या मुलाचा काका. थोरल्याचा मुलगा हा राणीच्या मुलीचा भाऊ, म्हणून तिच्या मुलाचा मामा. एक काका, दुसरा मामा, आणि दोघेही एकमेकांचे पुतणे-भाचे. राणी तर चंडसिंहाची सूनही आणि सासूही. राजाला मात्र हे जुळेना. तो गप्प राहिला आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. आतापर्यंत उत्तर दिलं की प्रेत झाडावर परत जात होतं. या वेळी वेताळ प्रसन्न झाला आणि त्याने राजाला बळी द्यायला टपलेल्या भिक्षूचा डाव फोडला.

सोमदेवाच्या आगेमागेच कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही धर्मशास्त्रावरची टीका तयार झाली. बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांचं सपिंड नातं, म्हणजे ज्यात लग्न चालत नाही असं नातं, हा त्यातला मोठा विषय. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात हे आकडे पाच आणि तीन झाले, पण मोजणी टिकली. म्हणजे इथेही कोड्यामागे प्रश्न लग्नाचाच होता. आजच्या प्रश्नपत्रिकेतून तो जवळजवळ गेला आहे. उरले आहेत ‘अ’, ‘ब’ आणि एकुलते एक मुलगे. माझ्या मते कोड्याचं मीठच गेलं.

अल्क्विनच्या संग्रहातलं एक कोडं मुद्दाम मागे ठेवलं आहे. दोन पुरुष एकमेकांच्या आईशी लग्न करतात आणि दोघांनाही मुलगे होतात. त्या मुलांचं नातं काय? कागद घ्या, अधिक-वजा मांडा. इथे मामा कुठेच येत नाही, एवढंच सांगतो.