आईविना वाढणाऱ्या पिल्लांचे पोट

कोंबडीचे पिल्लू २१व्या दिवशी कवच फोडून बाहेर येते, ते पोटात शिदोरी घेऊनच. अंड्यातला उरलेला बलक त्याआधी एक-दोन दिवस पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याविना तगते. मागची पिल्ले निघेपर्यंत खुडूक कोंबडी जागची हलत नाही. तोवर आधी निघालेल्यांची सोय यातून होते. व्यापाऱ्यांनी या सोयीचा भलताच फायदा उठवला. १८९२मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या जोसेफ विल्सन यांनी नुकतीच निघालेली पिल्ले रेल्वेने शिकागोला धाडली. १९१८पासून तिथले टपालखातेही अशी पिल्ले नेऊ लागले.

या शिदोरीत आतड्यातले उपयुक्त जंतू मात्र फारसे नसतात. आईच्या मागे उकिरडा उकरताना, तिची विष्ठा चिवडताना ते पिल्लाला मिळत. उबवणी यंत्राने आई काढून घेतली आणि तिच्याबरोबर हा वारसाही गेला. ही उणीव लक्षात यायला बराच काळ लागला.

आधी डोळ्यांवर आली ती पांढरी हगवण. पिल्ले ऊब शोधत एकमेकांना चिकटून, पंख सैल सोडून उभी राहतात. खडूसारखी विष्ठा गुदद्वाराशी वाळून वाट बंद करते. हा रोग एका साल्मोनेला जंतूमुळे होतो, हे लिओ रेटगर यांनी १९००मध्ये मांडले. जंतू आईच्या अंडाशयातून अंड्यात उतरतो आणि यंत्रात एका पिल्लाच्या लवेबरोबर उडून शेकडो पिल्लांना गाठतो. म्हणजे पिल्लांवर औषधे करण्यात फारसा अर्थ नव्हता. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे रक्त तपासून रोगवाहक पक्षी काढून टाकणे, हाच खरा उपाय ठरला आणि १९३५मध्ये अमेरिकेने त्यासाठी राष्ट्रीय योजना आखली. ओल्या तुसात फोफावणारी रक्ती हगवण हा वेगळा रोग; तिच्यावर १९४८मध्ये खाद्यातून देण्याचे सल्फाक्विनॉक्सॅलिन हे औषध आले.

मग प्रतिजैविकांची लाट आली. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड पिल्लांना ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनवताना उरलेला चोथा खाऊ घालत होते. शोध जीवनसत्त्वाचा होता. पिल्ले मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. १९५०च्या सुमारास ही बातमी पसरली आणि थोडे प्रतिजैविक रोजच्या खाद्यात मिसळण्याची रीत जगभर रुजली. रोग नसताना औषध देणे त्या काळी फारसे कुणाला खटकले नाही, कारण वजनकाटा त्याच्या बाजूने होता.

दुसरी वाट फिनलंडमध्ये सापडली. तिथे १९७१मध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. एस्को नुर्मी आणि एम. रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजला. त्या पिल्लांत साल्मोनेला सहजी घर करू शकला नाही. १९७३मध्ये ‘नेचर’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आतड्याच्या टोकाकडच्या दोन आंधळ्या पिशव्यांत चांगल्या जंतूंनी आधीच जागा आणि अन्न अडवलेले असते, शिवाय त्यांनी तयार केलेली आम्लेही नव्या जंतूला मानवत नाहीत. उकिरड्यावर आई जे फुकट करत होती, तेच हे. फक्त प्रयोगशाळेतून आलेले. पुढे अशा जंतूंचे तयार मिश्रण बाजारात आले. ते पाण्यातून पाजतात किंवा उबवणी केंद्रातच पिल्लांवर फवारतात; पिल्ले एकमेकांचे पंख टोचताना थेंब गिळतात.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची धास्ती वाढल्यावर स्वीडनने १९८६मध्ये वाढीसाठी या औषधांचा वापर बंद केला, तर युरोपीय संघाने २००६मध्ये. भारताने २०१९मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली.