पाचशे रुपयांची रेघ

लखनौस बदलून आलेल्या आम्हां मराठी नोकरमंडळींची अमीनाबादशी पहिली ओळख होते ती बहुधा गावी न्यावयाच्या चिकनच्या कापडापायी. अवधचा बादशहा अमजद अली शाह याने १८४२ ते १८४७ राज्य केले. त्याचा वजीर अमीनुद्दौला याच्या नावाने ही पेठ ओळखली जाते. भातखंड्यांनी १९२६ साली उभारलेले संगीत विद्यालय ज्या कैसरबागेत आहे, तेथून ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

येथील मोठ्या दुकानांत मालक गल्ल्यावर असतो, विक्रेते कापडाच्या घड्या उलगडीत असतात आणि या दोहोंच्या मध्ये एक गृहस्थ उभा असतो. कोणाला सूट द्यावयाची, कोणत्या पोऱ्याने कोठे उभे राहावयाचे, संध्याकाळी विक्री कमी का भरली, या सर्वांचा जाब त्याला द्यावा लागतो. त्याला ‘सुपरवायझर’ म्हणतात. गतवर्षी दिवाळीच्या खरेदीत अशाच एकाने आम्हांस हसत विचारले, “बाबूजी, आपका महँगाई भत्ता फिर बढ़ा?” आम्ही होकार दिला, पण त्याला उलट प्रश्न करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास पुढे मांडला आहे.

दुकानातील नोकराला आपण मराठीत ‘गुमास्ता’ म्हणतो. शब्द फारसी असून त्याचा अर्थ ‘नेमलेला’ असा आहे. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकाने व आस्थापनांविषयी कायदा केला, त्याला लोक आजही गुमास्ता कायदा म्हणतात. उत्तर प्रदेशात असा कायदा १९४७ साली झाला व १९६२ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी यांची हमी त्यातून मिळाली. नोकरीवरून काढले किंवा पगाराचा तंटा झाला, तर मात्र खरा आधार होता तो १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा, आणि तो आधार फक्त ‘कामगारा’लाच होता.

१९५६ साली या कायद्यातील ‘कामगार’ शब्दाची व्याख्या रुंदावली आणि देखरेखीचे काम करणाराही तीत आला. परंतु त्याच दुरुस्तीने एक रेघ ओढली: देखरेख करणाऱ्याचे वेतन महिना पाचशे रुपयांहून अधिक असेल तर तो कामगार नव्हे. त्या काळी पाचशे रुपये मिळविणारा गृहस्थ सुखवस्तू गणला जाई. अशा माणसास कायद्याचे छत्र कशास हवे, हा विचार तेव्हा गैर नव्हता.

गैर झाले ते पुढे. महागाई वाढत गेली, पण रेघ अठ्ठावीस वर्षे हलली नाही. १९८२ च्या दुरुस्तीने ती १,६०० रुपयांवर नेली व ती १९८४ साली अंमलात आली. २०१० साली ती १०,००० झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती १८,००० केली.

आता हिशेब पाहावा. औद्योगिक कामगारांच्या किंमत-निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९६० होते. पुढे १९८२, २००१ व २०१६ ही वर्षे पायाभूत धरली, तेव्हा जुन्या-नव्या मालिका जोडणारे गुणक अनुक्रमे ४.९३, ४.६३ व २.८८ ठरले. म्हणजे १९६० सालच्या पाचशे रुपयांची क्रयशक्ती राखण्यास १९८२ साली २,४६५ रुपये लागत होते. कायद्याने दिले १,६००. २००१ साली ११,४०० च्या वर लागत होते. कायद्याने त्यानंतर नऊ वर्षांनी १०,००० दिले. २०१६ साली सुमारे ३२,९०० लागत होते, आणि आज रेघ १८,००० वर आहे. एके काळी जी रेघ सुखवस्तू माणसाला वगळीत होती, ती आता घरभाडे व मुलांची फी भागविताना मेटाकुटीस येणाऱ्यालाही वगळते. दुकानात बढती मिळाली, पगार थोडा वाढला, की छत्र डोक्यावरून गेलेच म्हणावयाचे.

आमच्या पगाराशीही ताळा करून पाहू. दुसऱ्या वेतन आयोगानंतर केंद्रातील कनिष्ठ कारकुनाचे मूळ वेतन ११० रुपयांपासून सुरू होई. त्याच गुणकांनी २०१६ साली त्याचे सुमारे ७,२०० झाले असते. सातव्या आयोगाने दिले १९,९००, भत्ते निराळे. आम्ही अधिक राबलो म्हणून हे घडले, असे नव्हे. १९६० च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांनी महागाई भत्ता व किमान वेतन यांसाठी संप केला. पाच दिवसांत तो मोडला, तरी मागणी मोडली नाही. आमच्यामागे संघटना होती, आयोग होते, निर्देशांकाला बांधलेला भत्ता होता. अमीनाबादच्या त्या गृहस्थामागे यांपैकी काहीच नाही. त्याचा पगार मालकाच्या मर्जीवर व मोसमाच्या विक्रीवर अवलंबून असतो.

एक गोष्ट मात्र आशेची आहे. नव्या संहितेत १८,००० च्या पुढे ‘अथवा केंद्र सरकार वेळोवेळी अधिसूचित करील ती रक्कम’ अशी तरतूद आहे. पूर्वी रेघ हलविण्यास संसदेत दुरुस्ती करावी लागे. आता अधिसूचना पुरेल. महागाई भत्त्याप्रमाणे हीही रक्कम निर्देशांकाला जोडावी, एवढीच आमची सूचना आहे. आमच्या वाचकांपैकी काही जण श्रमखात्यात असतील, काही वित्तखात्यात. टिपणी कशी लिहावी हे त्यांस आम्ही सांगावयास नको.

गावी जाण्यापूर्वी आम्हांस पुन्हा अमीनाबादेत जावे लागेल. या खेपेस तो उलट प्रश्न विचारावा, असे मनात आहे.