चालणाऱ्यांच्या आठवणी, बसलेल्यांची साहसं

पुस्तक किती हातांतून गेलं आहे, हे त्याच्या पाठीवरून आणि कोपऱ्यांवरून कळतं. माझा धंदा बाइंडिंगचा. वाकोल्यात दत्त मंदिर रोडच्या मागच्या गल्लीत माझं टेबल आहे. त्यावर शिकंजा, सुया, मेण लावलेला दोरा आणि कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ. कालिन्याला विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांचे प्रबंध बांधून घर चालतं. लायब्ऱ्यांची फाटकी पुस्तकं मात्र मी आवडीनं घेतो, कारण ती शिवायच्या आधी वाचायला मिळतात.

गेल्या पावसाळ्यात अशी बरीच पुस्तकं एकामागून एक वाचून झाली. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, नाथमाधवांच्या कादंबऱ्या, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. इतका आनंद मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. आठवणी एका ढिगात आणि साहसकथा दुसऱ्या ढिगात, अशीच ती टेबलावर आली होती, पण वाचता वाचता ढीग एकमेकांत मिसळले. जी माणसं खरोखर चालली, उपाशी राहिली, लुटली गेली, त्यांनी साध्या शब्दांत आठवणी लिहिल्या. जी माणसं एका जागी बसून होती, त्यांनी घोडे, गलबतं आणि भुयारं लिहिली. आपल्याकडच्या वाचनाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोघांनी मिळून घडवला आहे, असं माझं मत झालं आहे.

आधी आमच्या भागातल्या वाचनाबद्दल सांगतो. वाकोला हे मूळचं ईस्ट इंडियन लोकांचं गावठाण. आजूबाजूला शेती, आणि पुढे मिठीला जाऊन मिळणारा नाला. मग चाळी आल्या, डोंगरउतारावर झोपड्या आल्या, कालिन्याला एअर इंडियाची वसाहत आणि विद्यापीठ आलं. मोठी ग्रंथालयं आमच्यापासून लांब होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झालं, पण त्यासाठी दादरला जावं लागे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा, तो त्यातल्या त्यात जवळ. कामावरून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाला तेवढंही जमत नसे. त्याच्यासाठी होती गल्लीतली खासगी सर्क्युलेटिंग लायब्ररी.

ही लायब्ररी म्हणजे दहा बाय दहाचा गाळा. आत भिंतभर फळ्या आणि पुढे एक टेबल. डिपॉझिट भरायचं, महिन्याची वर्गणी द्यायची, ‘एक पुस्तक, एक मासिक’ या हिशेबानं वाचायचं. दिवाळी आली की दिवाळी अंकांची वेगळी योजना निघे. ‘मनोरंजन’कर्ते काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, आणि त्या प्रथेवर पुढे अशा शेकडो गाळ्यांची भाडी निघाली. संध्याकाळी बायका भाजी घेऊन परतताना ‘पुस्तक बदलायला’ थांबत. पुरुष रविवारी सकाळी येत. लायब्ररीवाल्या काकांना सगळ्यांची आवड पाठ असे. माझे वडील त्यांचं बाइंडिंग करत, पुढे मी करू लागलो. काका पिशवीतून पुस्तकं ओतताना म्हणायचे, “ही आधी दे रे. पाचजण थांबलेत.” त्या ‘आधी दे’मध्ये नेहमी दोनच प्रकार असत. एक रहस्यकथा आणि दुसरा आत्मचरित्रं. सामाजिक कादंबऱ्यांना इतकी घाई नसे.

आता गोडसे भटजी. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि भरघोस दक्षिणा मिळणार अशी बातमी आली, तेव्हा १८५७ साली ते चुलत्यांबरोबर उत्तरेकडे पायी निघाले. महूजवळ पोचले आणि बंड पेटलं. झाशीत ते राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला होते. १८५८ च्या वसंतात ह्यू रोजच्या फौजेनं शहराला वेढा घातला, तोफा डागल्या आणि शेवटी शहरात कत्तल केली. हे सगळं या माणसानं आतून पाहिलं. मिळालेली दक्षिणा लुटीत गेली. पुढे काल्पीच्या वाटेवर, हरून निघालेली, धुळीनं माखलेली राणी त्यांना विहिरीपाशी भेटली. तो प्रसंग वाचताना मी हातातली सुई खाली ठेवली. शेवटी हा माणूस आई-वडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात चालत परत आला.

ही हकीकत त्यांनी पंचवीसएक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून मोडीत लिहून काढली. सरकारचा धाक होता, म्हणून ती लगेच छापली गेली नाही. वैद्यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा भटजी हयात नव्हते. छापताना वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे राहिलं, आणि दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून १९६६ साली मूळ बरहुकूम आवृत्ती काढली. कादंबरीकाराला सुचणार नाहीत अशा घटना या पुस्तकात आहेत. लिहिणाऱ्याला मात्र आपण काही साहस केलं असं एकदाही वाटत नाही. त्याच्या डोक्यात घरचं कर्ज आहे, जेवणाची सोय आहे, सोवळं आहे. त्यामुळे त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसतो.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. शाळेचं शिक्षण नाही, लग्न अकराव्या वर्षी. नवरा मोठा कवी, पण केव्हा घरातून उठून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि या बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं वेगळ्या राहिल्यावर त्या नवऱ्याकडे परतल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचारानं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शिवाशिव मनातून काढून टाकण्याचा त्यांचा प्रवास मला झाशीच्या वाटेपेक्षा सोपा वाटत नाही. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून पुस्तकरूपानं आले, आणि १९३६ साली त्या गेल्या. आमच्या गावठाणातल्या एक मावशी हे पुस्तक माझ्याकडे बांधायला घेऊन आल्या होत्या. त्यांची आई रविवारी चर्चहून आली की ते मोठ्यानं वाचून दाखवत असे. त्या प्रतीच्या मधल्या फर्म्यांना हळदीचे, तेलाचे डाग होते. स्वयंपाक करता करता वाचलेलं पुस्तक मी लगेच ओळखतो.

पुढे ही वाट रुंद होत गेली. गोदावरी परुळेकर १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात वारल्यांबरोबर पाड्यापाड्यावर पायी फिरल्या. त्याची हकीकत १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आली. आमच्या स्टेशनावरून जाणारी पश्चिम रेल्वे ज्या डहाणूकडे धावते, तिथलीच ही गोष्ट. १९७५ साली सुरू झालेल्या ग्रंथालीनं १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, पाठोपाठ लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं. ‘बलुतं’मधली, गावातून मुंबईच्या कावाखान्यात आलेल्या मुलाची गोष्ट वाकोल्यातल्या किती घरांत स्वतःची म्हणून वाचली गेली, ते मी त्या प्रतींच्या अवस्थेवरून सांगू शकतो. समासात शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या, काही ठिकाणी वाचणाऱ्यानं आपल्या गावाचं नाव लिहून ठेवलं होतं.

आता दुसरा ढीग. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२. तरुण वयात शिकारीला गेले असताना ते सिंहगडावरून कोसळले आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचन केलं आणि मग लिहायला घेतलं. ‘वीरधवल’ १९१३ सालची. ‘सावळ्या तांडेल’, ‘सोनेरी टोळी’, आणि शिवकाळावरची ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासूनची मालिका त्यांचीच. १९२८ साली ते गेले, वय अवघं सेहेचाळीस. ज्याला गडानं जायबंदी केलं त्या माणसानं हजारो मराठी मुलांना पुस्तकातून गडावर चढवलं. हे कळल्यापासून त्यांच्या पुस्तकातला कडा मला वेगळा दिसतो. चढणाऱ्याचा हात कुठे सुटेल हे त्यांना ठाऊक होतं.

बाहेरच्या जगातही हे दिसतं. इटलीतल्या एमिलिओ साल्गारीनं मलेशियाच्या समुद्रावरच्या सांदोकानच्या कथा लिहिल्या, पण त्यानं तो समुद्र कधी पाहिला नाही. स्टीव्हन्सन सततच्या आजारपणानं बेजार असे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये बाहेर पाऊस पडत असताना, सावत्र मुलासोबत काढलेल्या एका नकाशातून त्याला ‘ट्रेझर आयलंड’ सुचलं.

बाबूराव अर्नाळकर तर आमच्या मुंबईचेच. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६. गिरगावात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. धनंजय, झुंजार, काळापहाड ही नावं गिरणीतल्या कामगारापासून मंत्रालयातल्या कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. अंधेरी-चर्चगेटच्या गाडीत उभ्यानं वाचून संपेल एवढीच त्या पुस्तकाची जाडी असे. नुकतंच अक्षर लागलेल्या माणसालाही अडू नये अशी भाषा. माझ्या वडिलांचं शिक्षण चौथीपर्यंत. ते वाचायला खऱ्या अर्थानं अर्नाळकरांकडून शिकले, आणि मग त्याच डोळ्यांनी त्यांनी ‘बलुतं’ वाचलं. लायब्ररीवाल्या काकांकडची अर्धी माणसं याच वाटेनं पुढे गेली. झुंजारनं त्यांना पान उलटायची सवय लावली, आणि त्या सवयीवर गोडसे भटजी, लक्ष्मीबाई, दया पवार त्यांच्या घरात आले.

भा. रा. भागवतांनी मुलांसाठी तेच केलं. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि मग फुरसुंगीचा बनेश फेणे उभा केला. हा सायकलवरचा किडकिडीत पोरगा ओळखीच्या गावांतून, ओळखीच्या रस्त्यांवरून धावतो. साहस करायला जहाज किंवा बेट लागत नाही, हे चाळीतल्या मुलाला त्यानं पटवलं. माझ्या मुलानं ती पुस्तकं इतक्यांदा वाचली की मला ती घरीच दोनदा शिवावी लागली.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोल्याचा नाला फुटून गल्ल्यांत शिरला, आणि काकांच्या गाळ्यात खालच्या चार फळ्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मी आणि काका पुस्तकं बाहेर काढत होतो. ओलं पुस्तक उन्हात टाकायचं नसतं, पानं वेडीवाकडी होतात. पानांत कोरा कागद घालायचा, वारा लागेल असं उभं करायचं, कागद बदलत राहायचं. जुजबंदी शिलाईची जाड पुस्तकं त्या पाण्यातून वाचली. खळ विरघळली, पुठ्ठे गळून पडले, पण दोऱ्यानं शिवलेले फर्मे एकत्र राहिले, आणि ‘स्मृतिचित्रे’ आठवड्यानं पुन्हा बांधता आलं. अर्नाळकरांच्या चोपड्या पिना मारलेल्या, हलक्या कागदाच्या. पिना गंजल्या, कागदाचा लगदा झाला. शेकडो पुस्तकं हातगाडीवरून गेली. काकांनी पुढे लायब्ररी चालवली नाही.

त्या दिवशी पाण्यानं जे केलं, तेच आपल्या ग्रंथालयांनी आणि घरांनी वर्षानुवर्षं केलं आहे. आत्मचरित्रांना कापडी पाठ मिळाली, नव्या आवृत्त्या मिळाल्या, अभ्यासक्रमात जागा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. रहस्यकथा आणि साहसकथा मात्र वाचून झाल्या की रद्दीवाल्याकडे गेल्या. आज अर्नाळकरांची सगळी पुस्तकं एका ठिकाणी पाहायची म्हटलं तर कुठे जावं? मराठी माणूस वाचायला कसा लागला, याचा पुरावा त्या चोपड्यांत आहे, आणि दर वर्षी तो थोडा थोडा नाहीसा होतो आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. घरात माळ्यावर, ट्रंकेत अशी जुनी चोपडी सापडली तर ती रद्दीत देऊ नका. पिना चिमट्यानं हलकेच काढा, त्याच भोकांतून सुती दोरा ओवून घ्या, मुखपृष्ठ फाटलं असेल तरी टाकू नका, कारण प्रकाशकाचं नाव, किंमत आणि साल तिथेच असतं. जमत नसेल तर जवळच्या बाइंडरकडे न्या. आणि शिवून आली की कपाटात ती ‘माझा प्रवास’च्या शेजारी ठेवा. वाचक म्हणून आपण दोघांचेही देणेकरी आहोत.