होईल ते झाड

फेब्रुवारीत पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाला गुलाबी बहर येतो, आणि फिरायला आलेली माणसं फोटो काढायला थांबतात. मी गेली बारा वर्षं या टेकडीवर बिया वेचते आहे. माझी नजर त्या बहराखालच्या जमिनीवर जाते. तिथे गवतही धड नसतं.

गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. 1970-80च्या दशकांत उजाड टेकड्या हिरव्या करायच्या घाईत ते इथे लावलं गेलं. फांदी खोचली की फुटते, मुरमात तगतं, गुरं तोंड लावत नाहीत. शेताच्या बांधावर त्याच्या पाल्याचं उत्तम खत होतं, तिथे ते जरूर असावं. टेकडीवर मात्र त्याने सालई-धावड्याची जागा घेतली.

आपल्याकडे झाड निवडायची रीत याहून जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आरमाराचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो: आंबा-फणस रयतेने लेकरांसारखे वाढवलेले, जहाजांच्या लाकडासाठी त्यांना हात लावू नये, झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं. मला त्यातला गडांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांची नावं घेऊन झाल्यावर तिथे सांगितलं आहे की उपयोगाचं असो वा नसो, जे झाड तिथे होत असेल ते लावावं आणि जपावं. वेळ पडली तर निदान त्याचं लाकूड तरी कामाला येईल. 1715च्या सुमारास लिहिलेलं हे वाक्य. आधी जागा पाहा, मग झाड, असंच मी ते वाचते.

कुठे काय होतं, हे देवराईने जपलं. माझं आजोळ मुळशीकडचं. तिथल्या राईत बेहडा, हिरडा, ऐन, आणि हातभर शेंगांची गारंबी. आजी पडलेली काटकीसुद्धा घरी आणू देत नसे, ‘देवाचं हाय ते’ म्हणायची. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात अशा राया पायी फिरून नोंदवल्या. त्याआधी 1901 ते 1908 या काळात थिओडोर कुकचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. कुठलं झाड कुठे सापडलं, हे त्यात गावांच्या नावांनिशी दिलं आहे. रोपं विकत घ्यायच्या आधी मी आजही तो उघडते.

सुरुवातीला आजोळच्या हिरड्याची चाळीस रोपं मी टेकडीवर लावली. दुसरा उन्हाळा एकानेही पाहिला नाही. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, मुळशीच्या घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. झाड देशी होतं, पण या टेकडीचं नव्हतं. आता मी इथल्याच कांडोळ, गणेर, मोई, पळस, बहावा यांच्या बिया इथेच लावते. बहाव्याची बी टणक असते, ती खरवडून रात्रभर पाण्यात ठेवावी लागते. पळसाला काहीच करावं लागत नाही, ताजी शेंग मातीत टाकली की पुरे.

पळसाच्या शेंगा मे महिन्यात गळतात. जवळच्या माळावर जा, जुनं झाड शोधा, आणि पावसाआधी तिथल्याच बिया तिथे लावा.