बिडाच्या भांड्याचा वंश

जुन्या बिडाच्या भांड्यांचा संग्रह करणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. तीन पायांचे, झाकणावर निखारे राहावेत म्हणून काठ उचललेले ‘डच ओव्हन’ हाती आले, की ते आधी उपडे करून कारखान्याची मुद्रा शोधतात.

या भांड्याचा वंश मात्र अटलांटिकपलीकडचा आहे. हॉलंडमध्ये पितळी भांडी वाळूच्या साच्यांत ओतीत असत. इंग्लंडमधील एब्राहम डार्बीने ती रीत बिडाला लावली आणि १७०७ साली तिचे पेटंट मिळविले. पितळ महाग, बीड स्वस्त. साहजिकच धातूचे भांडे गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचले. साच्याचे कोडे सोडविले ते डार्बीच्या पदरच्या जॉन टॉमस या तरुणाने, असे सांगतात.

अमेरिकेतही अशा भांड्यांचे मोल मोठे होते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या मातोश्रींनी १७८८ च्या मृत्युपत्रात स्वयंपाकघरातील लोखंडी सामान नातू व नात यांना निम्मे निम्मे वाटून दिले.

नावात डच राहिले, पेटंटात डार्बी राहिला, बुडाशी कारखाना राहिला. ओतणाऱ्या हातांची मुद्रा तेवढी कोठे उमटली नाही. संग्राहकाने आणि इतिहासकारानेही भांडे उपडे करताना याची आठवण ठेवावी.